हवा मागून येत होती

पत्र

ताई, आमच्या लग्नाला सहा वर्षं झाली. दोघंही नोकरी करतो, वर्षातून एक मोठी सहल ठरलेली असते. नवऱ्याला साहसाची हौस आहे आणि नियोजनाचीही. एक्सेलमध्ये तासातासाचा कार्यक्रम तयार असतो. गेल्या ऑक्टोबरमध्ये हिमाचलातल्या बीरला पॅराग्लायडिंगसाठी गेलो. पहिल्या दिवशी ढग, दुसऱ्या दिवशी वारा. तिसऱ्या दिवशी रात्रीची बस होती आणि ज्यांच्याकडे बुकिंग केलं होतं ते म्हणाले, आजही नाही. नवऱ्याने खटपट करून दुसरा कुणीतरी शोधला, तो संध्याकाळी उडवायला तयार झाला. वर गेल्यावर मला ते बरं वाटेना. तिथे बांधलेली कापडी फीत डोंगराकडून दरीकडे फडफडत होती, माझ्या हेल्मेटचा पट्टा लागत नव्हता, वजनही कुणी विचारलं नाही. मी ‘मला नको’ म्हणून बाजूला झाले. नवरा उडाला आणि दहा-बारा मिनिटांत मजेत खाली उतरला. तेव्हापासून मित्रांमध्ये माझं नाव भित्री भागूबाई. व्हिडिओ दाखवताना दर वेळी तोच विनोद, वर ‘हिच्यामुळे तीन हजार पाण्यात’. कॉलेजात असताना मी हरिहर दोनदा चढले आहे, पण ते आता कुणाला सांगू?

यंदा १८ जुलैपासून दहा दिवस ठरलेत. मनाली, बियासमध्ये राफ्टिंग, हमटा पासचा ट्रेक, चंद्रताल सरोवर आणि येताना पुन्हा बीर, ‘राहिलेलं पूर्ण करायला’. मला फिरायला आवडतं, पण हे असं नको वाटतं. नाही म्हटलं की पुन्हा तेच ऐकायचं. गप्प बसून जावं का?

– भित्री भागूबाई (नवऱ्याच्या मते), नाशिक

उत्तर

अगं भागूबाई, मी तुझ्यापेक्षा वीसेक पावसाळे जास्त पाहिलेत, त्यामुळे सरळ अगं-तुगं करते.

आधी सोप्या भागाचं बोलू. हिमाचलात दर वर्षी १५ जुलै ते १५ सप्टेंबर पॅराग्लायडिंग आणि राफ्टिंग बंद असतं. सरकारी बंदी आहे ती. तुमची सहल १८ जुलैची, म्हणजे बियासमधली बोट गेली आणि बीरचं ‘राहिलेलं’ही राहिलंच. तुझ्या नवऱ्याच्या एक्सेलमध्ये सगळं असेल, हा एक रकाना राहिला. त्या दोन महिन्यांत कुणी ‘होऊन जाईल, आमची ओळख आहे’ म्हणाला, तर त्याच्याकडे आणखी काय काय नसेल याचा अंदाज तूच कर.

हे तू आज रात्री जेवताना सांगितलंस की तो कपाळावर हात मारून घेईल, तारखा बदलेल आणि तुला वाटेल, सुटले बाई. पण तू सुटणार नाहीस. ऑक्टोबरात पुन्हा तोच डोंगर, तीच फीत आणि तेच नाव तुझी वाट बघत असेल. म्हणून बंदीच्या मागे लपू नकोस.

आता फितीकडे येते. तुझं पत्र वाचताना मी तिथेच थांबले आणि ते वाक्य पुन्हा वाचलं. पॅराग्लायडर समोरून येणाऱ्या वाऱ्यावर उचलला जातो. बिलिंगचं उड्डाणाचं ठिकाण साधारण २४०० मीटरवर आहे, खाली बीरला उतरायची जागा त्याहून हजारभर मीटर खाली. पायलट दरीकडे तोंड करून धावतो, तेव्हा वारा दरीतून वर, त्याच्या छातीवर यायला हवा. दिवसा तसाच येतो, कारण ऊन लागून उतार तापतात आणि हवा वर चढते. संध्याकाळी उतार थंड होतात आणि हवा उलटी, डोंगरावरून खाली घसरायला लागते. फीत दरीकडे फडफडत होती याचा अर्थ हवा मागून येत होती. मागच्या वाऱ्यात पंख नीट भरत नाही, धाव लांबते आणि जमीन संपते. ज्यांच्याकडे तुमचं बुकिंग होतं त्यांनी तीन दिवस पैशांवर पाणी सोडलं ते उगाच नव्हे. तुला ही पुस्तकी माहिती नव्हती, पण डोळे उघडे होते. त्यात हेल्मेटचा पट्टा लागत नाही आणि वजन विचारलेलं नाही. दोघांच्या उड्डाणात पंखाचा आकार वजनावरून ठरतो, नुसता उपचार म्हणून विचारत नाहीत ते. इतकं सगळं बघून जी बाई मागे फिरते तिला भित्री म्हणत नाहीत.

यावर तुझा नवरा म्हणेल, ‘पण मी तर उतरलो ना नीट!’ उतरला, आनंद आहे. मध्येच वारा पडला असेल आणि ती संधी साधली असेल त्या पायलटने. माझे एक काका आयुष्यभर हेल्मेट न घालता स्कूटर चालवायचे आणि ऐंशीव्या वर्षी अंथरुणात गेले. म्हणून आम्ही कुणी हेल्मेट विकून टाकलं नाही.

पण एक विचारते, आणि जरा खरं उत्तर दे, मला नाही, स्वतःला. फितीचं तू त्याला सांगितलंस का? पत्रात तसं दिसत नाही. तू म्हणालीस, ‘मला नको’, आणि बाजूला झालीस. तुझ्या डोळ्यांना जे दिसलं होतं त्याचं भाषांतर मात्र ‘आज हे नको, कुणालाच नको’ असं व्हायला हवं होतं. ‘मला नको’ म्हणजे मला हौस नाही, तू जा, मी खाली चहा पिते. ‘हे नको’ म्हणजे इथे काहीतरी चुकतंय, तूही जाऊ नकोस. तू मनात दुसरं धरलंस आणि तोंडाने पहिलं बोललीस. ऐकणाऱ्याने पहिलंच ऐकलं. नवऱ्याच्या चेष्टेची सगळी जबाबदारी त्याचीच आहे, त्यात मी तुला वाटेकरी करत नाही. पण तो हवेत असताना तू खाली उभी राहून काय भोगलं असशील याची मला कल्पना आहे, आणि ते टाळता आलं असतं.

आपण बायका हे फार करतो. धोका दिसला तरी तो स्वतःच्या नावावर लिहून घेतो. ‘बस फार वेगात चाललीये’ म्हणायच्या ऐवजी ‘मला बस लागते’ म्हणतो.

तू हे पत्र जिला लिहिलंस तिचा इतिहासही ऐकून ठेव. १९९६ चा जुलै. आमच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. दहा-बारा जणांच्या घोळक्यात राजमाचीला गेलो होतो आणि दुसऱ्या दिवशी लोणावळ्याकडे परतत होतो. जाताना घोट्यापर्यंत असलेला ओढा येताना मांड्यांपर्यंत चढलेला, पाणी चहासारखं तांबडं. आम्हाला नेणारा गडी म्हणाला, साखळी करू, निघू. आमच्यात सगळ्यात आडदांड माझा नवरा, आणि तोच मटकन एका दगडावर बसला. ‘हे मला बरोबर वाटत नाही. कुणीच जाऊ नका.’ बाकीचे हसले. मीही हसले. सगळ्यांत मोठ्याने मीच हसले, आणि वर म्हणाले, ‘बघा, आमच्या घरात भित्रं कोण ते!’ तो ओढा अडीच तासांत उतरला. सह्याद्रीतले ओढे असेच, आखूड आणि तीव्र उताराचे. माथ्यावर सर आली की अर्ध्या तासात चढतात, सर थांबली की तितक्याच झटकन उतरतात. थांबायला फक्त दगड आणि धीर लागतो. आम्ही ओल्या भाकऱ्या खात बसलो आणि नंतर पायाचे घोटे भिजवत पलीकडे गेलो. काहीही घडलं नाही. तो दादर येईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

मी माफी मागितली ती चार वर्षांनी. म्हणून सांगते, चेष्टा करणाऱ्या माणसाला बरेचदा कळतच नाही की समोरच्याला ती कुठे लागली. मला वाटत होतं मी विनोदी आहे.

तुझ्या नवऱ्याबद्दल माझं मत फार वाईट नाही. वर्षाकाठी दहा दिवसांची रजा, ती मिळवायला साहेबाची मनधरणी, विमानाची तिकिटं चार महिने आधी काढायची. अशा माणसाचा जीव प्रत्येक रिकाम्या तासाला कासावीस होतो. त्यातून ते वाक्य जन्मतं, ‘आता आलोच आहोत तर’. डोंगरातल्या अपघातांच्या बातम्या वाच, जवळपास प्रत्येकीच्या पोटात हे वाक्य सापडेल. तुमच्या तीन दिवसांत बिघडलं काय? तर उड्डाण आणि परतीची बस एकाच दिवसावर येऊन आदळली. बसने तुमच्यासाठी निर्णय घेतला, वाऱ्याचा विचार कुणी केलाच नाही.

त्यामुळे एक्सेलला विरोध करू नकोस, त्यात रिकाम्या ओळी घालायला लाव. बीरला जायचं तर चार रात्री ठेवा. उड्डाण पहिल्याच सकाळी ठरवा, म्हणजे हवा बिघडली तर मागे तीन सकाळी शिल्लक राहतात. ऑक्टोबर तिथला उत्तम महिना आहे. पाऊस परतलेला असतो, आभाळ धुतल्यासारखं असतं. २०१५ मध्ये पॅराग्लायडिंगचा विश्वचषक तिथे झाला, तोही ऑक्टोबरातच. उरलेल्या दिवसांत बीरला करायला पुष्कळ आहे. तिबेटी वसाहत आहे, मठ आहेत, चहाचे मळे आहेत, आणि काहीच नाही केलं तर धौलाधार समोर बसलेला असतो. बुकिंग करताना हवामानामुळे रद्द झालं तर पैसे परत की पुढची तारीख, हे लेखी विचारा. पायलटचा परवाना बघायला मागा. खरा पायलट त्याने दुखावत नाही, उलट खिशातून काढून दाखवतो. आणि प्रवासाचा विमा काढत असाल तर साहसी खेळ त्यात धरलेत का ते वाचा, पुष्कळदा ते वेगळे पैसे भरून घालावे लागतात.

हमटा पास मात्र या ऑक्टोबरच्या सहलीत कोंबू नका. ती वाट मला फार प्रिय आहे म्हणून मुद्दाम सांगते. मनालीच्या वरच्या जोबऱ्याहून निघायचं, देवदार आणि भूर्जाच्या रानातून, फुलांच्या कुरणांतून चढत जायचं, आणि ४२७० मीटरच्या खिंडीवर पोचून पलीकडे बघायचं तर हिरवा रंग संपलेला. पलीकडे लाहौल, नुसता दगड, माती आणि ऊन. पावसाचे ढग अलीकडच्या रांगेला अडतात, पलीकडे फार थोडे पोचतात. कुल्लूत छत्री आणि लाहौलात गॉगल, एकाच दिवशी. त्या ट्रेकचे बरे महिने जून अखेरपासून सप्टेंबरपर्यंत, ऑक्टोबरात रात्री कडाक्याच्या होतात आणि बर्फ केव्हाही येतं. म्हणजे बीर आणि हमटा ही दोन वेगळ्या ऋतूंची कामं आहेत. दोन सहली करा. सहा वर्षं झालीत, पुढे भरपूर आहेत.

‘मग जुलैत नुसता हमटा तरी?’ असं तो विचारेल. जातात लोक. पण २०२३ च्या जुलैत काय झालं ते त्याला आठवत असेल. ९ आणि १० तारखेच्या पावसात बियासने कुल्लू-मनालीचा रस्ता ठिकठिकाणी खाऊन टाकला, आणि त्याच दिवसांत चंद्रतालला चक्क बर्फ पडून अडीचशेहून जास्त पर्यटक अडकले. त्यांना बाहेर काढायला १३ जुलै उजाडला. एरवीच्या पावसाळ्यातही मंडी ते कुल्लू पट्ट्यात दरड कोसळून गाड्या तासन्‌तास उभ्या राहतात. चंद्रताल ४२०० मीटरच्याही वर आहे, तिथे अडकणं म्हणजे विरळ हवेत, थंडीत अडकणं. जायचंच तर पुढेमागे दोन-तीन मोकळे दिवस हवेत, मनालीत दोन रात्री काढून अंगाला उंचीची सवय हवी, आणि नदी ओलांडायची वेळ पहाटेची हवी. खिंडीपलीकडच्या शिया गोरूच्या मुक्कामाहून निघताना ओलांडावा लागतो तो प्रवाह सकाळी गुडघ्याखाली असतो, दुपारी वरचं बर्फ वितळून तोच अंगावर येतो. पाऊस पडलाच पाहिजे असं नाही. निव्वळ लख्ख ऊन पडलं तरी पाणी चढतं, हे आपल्याकडच्या ट्रेकरना पचायला जड जातं.

बियासचं तर आणखी वेगळं. ८ जून २०१४ ला हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाची मुलं संध्याकाळी नदीपात्रात दगडांवर उतरून फोटो काढत होती. वरच्या लारजी धरणातून पाणी सुटलं आणि चोवीस मुलं नि त्यांच्यासोबतचा सहल-व्यवस्थापक वाहून गेले. डोक्यावर ढग नाहीत म्हणून नदीही निर्धास्त, असं डोंगरात धरून चालता येत नाही. आणि हवामान खात्याचा इशारा जिल्ह्याला असतो, तुमच्या ओढ्याला नाही. ऑरेंज असेल तर त्या दिवशी नदीकाठचे बेत सोडायचे, रेड असेल तर हॉटेलात पत्ते कुटायचे, इतकं साधं ठेवा. विजेसाठी फोनवर ‘दामिनी’ घेऊन ठेव. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने केलंय, जवळपास कुठे वीज पडतेय ते दाखवतं.

मग या जुलैच्या रजेचं काय? कोलाडला जा. दोन दिवस पुरेत, उरलेली रजा ऑक्टोबरला ठेवा. तुझ्या नवऱ्याच्या एक्सेलला शोभेल अशी एकच नदी मला माहीत आहे, ती म्हणजे कुंडलिका. भिऱ्याच्या वीजघरातून सकाळी पाणी सुटतं, त्या पाण्यावर राफ्ट निघतात, सुमारे बारा किलोमीटर. वेळापत्रकाने चालणारी नदी! हे पाणी घाटावरच्या मुळशी जलाशयाचं. याच धरणासाठी जमिनी गेल्या म्हणून १९२१ मध्ये सेनापती बापट आणि मावळातले शेतकरी सत्याग्रहाला बसले होते. बोटीत आरडाओरडा करताना हे कुणाला आठवत नाही, नवऱ्याला तू सांग. धुवांधार पाऊस असेल तर तिथेही बोटी थांबवतात, आणि थांबवल्या तर दुसरा शोधायला जायचं नाही. लाइफ जॅकेटचा प्रत्येक पट्टा स्वतः ओढून बघायचा, सैल वाटलं तर बदलून मागायचं. तुला ती सवय आहेच.

कोलाडची खरी गंमत पाण्यात नाही, ती सरावात आहे. घरून निघण्यापूर्वी दोघांनी एवढंच ठरवा की ‘मला नको’ आणि ‘हे नको’ हे दोन वेगळे शब्द आहेत. पहिला म्हटला तर दुसऱ्याने खुशाल जावं, रुसायचं नाही. दुसरा म्हटला तर दोघंही थांबायचं, कारण तिथल्या तिथे पटलं नाही तरी. वाद घालायचा तर दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाला, तोपर्यंत तोंड बंद. आणि ‘हे नको’ म्हणणाऱ्याने काय दिसलं ते बोटाने दाखवायचं. ती फीत, तो पट्टा. हे तुला शिकावं लागेल, त्याला ऐकायला शिकावं लागेल.

उरला मित्रांमधला विनोद. तो मित्रांसमोर सोडवायला जाऊ नकोस, तिथे तू कितीही शहाण्यासारखं बोललीस तरी तो अजून एक विनोद होईल. घरी, गाडीत, दोघंच असताना सांग. लांबलचक नको. ‘तू ते नाव घेतोस तेव्हा मला अपमान वाटतो. त्या दिवशी फीत उलटी होती, मी तुला सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. पण पुन्हा ते नाव घेऊ नकोस.’ एवढंच बोल आणि गप्प बस. तो ‘अगं गंमत करतो’ म्हणेल. तू ‘माहीत आहे’ म्हण आणि पुन्हा गप्प बस. मग त्याच्याकडचा तो व्हिडिओ दोघं मिळून बघा, आवाज बंद करून, फक्त मागच्या फितीकडे लक्ष ठेवून. त्याला स्वतःला दिसू दे. माणूस एक्सेलवाला आहे, पुरावा बघितला की मान्य करायची सवय असते अशांना.

बघूनही नाव तेच राहिलं, तर मात्र मला पुन्हा लिही. तेव्हा आपण सहलीबद्दल बोलणार नाही.

तीन हजारांचा हिशोबही एकदा त्याच्यापुढे मांड. घरातला पाय मोडला तर नाशकातल्या कुठल्याही अस्थिरोग तज्ज्ञाकडे नुसत्या एक्स-रेमध्ये आणि प्लास्टरमध्ये किती जातात ते त्याने आपल्या तक्त्यात भरावं.

आणि हो, हरिहरच्या त्या उभ्या कोरीव पायऱ्यांवरचा, खोबणीत बोटं अडकवून वर बघत असलेला तुझा कॉलेजातला एखादा फोटो घरात नक्की असेल. तो शोध. मित्रांच्या ग्रुपवर टाकायचा की नाही ते तुझं तू ठरव. मी असते तर टाकला असता, खाली एक अक्षरही न लिहिता.